पासष्टीनंतरचे दीड हजार: श्रावणबाळ आणि सोबतच्या योजनांचा पैसा खात्यात येईपर्यंत

महाराष्ट्रात गरीब वृद्ध माणसाला दरमहा रोख मिळणारी मुख्य मदत म्हणजे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. महिना १,५०० रुपये. २०२३ मध्ये ही रक्कम हजारावरून दीड हजार झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये ती २,५०० करण्यात आली. बाकी मदत बहुतेक वस्तूंची, सवलतीची किंवा उपचारांची असते. तीही सोडू नये, पण आधी महिन्याच्या पैशाचं बघावं.

अर्ज बहुधा एका जागी अडतो. आधारवर एक वय आणि मतदार यादीत दुसरं. पासबुकावर ‘सखूबाई’ आणि रेशनकार्डावर ‘सखुबाई’. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत अर्ज समितीपुढे येईपर्यंत संपलेली. योजना कोणती हे ठरवायला दहा मिनिटं लागतात, कागद एकमेकांशी जुळवायला दोन महिने जाऊ शकतात. म्हणून पासष्टावा वाढदिवस यायच्या आधीच कामाला लागलेलं बरं.

आपण कोणत्या गटात बसतो?

श्रावणबाळसाठी वय ६५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं. पुढे दोन गट पडतात.

ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे ते गट ‘अ’ मध्ये येतात. त्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचा केंद्राचा वाटा मिळतो: ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये, ऐंशीपासून ५००. उरलेली भर राज्य घालतं आणि एकूण दीड हजार होतात. त्यामुळे पासबुकात एकाच महिन्याच्या दोन वेगळ्या नोंदी दिसू शकतात. एक आली आणि दुसरी आली नाही, तर ‘पैसे कापले’ असं समजून भांडायला जाऊ नका. कोणता हिस्सा अडला ते आधी विचारा.

यादीत नाव नाही, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे, असे लोक गट ‘ब’ मध्ये. एकवीस हजार म्हणजे महिना साडेसतराशे. आजच्या महागाईत ही मर्यादा हास्यास्पद आहे, पण नियम तोच आहे आणि तहसीलदाराचा दाखला त्याच आकड्याच्या आतला लागतो.

इथे एक गैरसमज फार जणांना महागात पडतो. पिवळं रेशनकार्ड असणं आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी जुन्या सर्वेक्षणावरून तयार झाली आहे. तिचा उतारा गावात ग्रामसेवक देतो, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. पिवळ्या कार्डाची झेरॉक्स जोडून गट ‘अ’ मागितला, तर अर्ज त्रुटीत निघतो. उतारा मिळत नसेल तर सरळ उत्पन्नाचा दाखला काढून गट ‘ब’ मधून अर्ज करावा. हातात पडणारी रक्कम तेवढीच असते.

साठ ते चौसष्ट वयाच्या माणसांचं काय? केंद्राच्या निवृत्तीवेतनाची अट ६० आहे, पण महाराष्ट्रात ६५ धरली जाते. मधल्या वर्षांत संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिथे नुसतं वय पुरत नाही. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, कर्करोग किंवा पक्षाघातासारख्या आजाराने कमाई बंद झालेली व्यक्ती, असं काहीतरी कारण कागदावर सिद्ध करावं लागतं. रक्कम दीड हजारच, दिव्यांगांना अडीच हजार.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बायकांनी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. ती योजना वयाच्या ६५ व्या वर्षी थांबते आणि श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही. नवा अर्ज करावा लागतो आणि उत्पन्नाची अटही बदलते: तिथे अडीच लाख, इथे एकवीस हजार. बसत असाल तर चार-पाच महिने आधी कागद गोळा करा, म्हणजे मधला खड्डा लहान राहील.

वयाचा कागद

शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा असेल तर प्रश्नच नाही. सत्तरीच्या बहुतेक माणसांकडे दोन्ही नसतं. मग मतदार यादीतलं वय किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो.

तरी आधार आडवं येतंच. अर्ज आणि पैसे दोन्ही आधारवर चालतात आणि आधार काढताना अनेक वृद्धांचं वय अंदाजाने टाकलं गेलं आहे. १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली की समजायचं. आधारवर ६३ असेल आणि दाखल्यावर ६७, तर आधी आधार दुरुस्त करा. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे केंद्रावर जाण्यापूर्वी कोणता पुरावा जोडायचा हे पक्कं ठरवा. घाईत चुकीची तारीख पडली तर पुढची दुरुस्ती फार जिकिरीची होते. त्याच फेरीत नावाचं लेखन आणि मोबाइल नंबरही बघून घ्या. नातवाचा नंबर दिला असेल आणि नातू पुण्यात राहत असेल, तर प्रत्येक ओटीपीसाठी फोन करावा लागतो.

उत्पन्नाचा दाखला

आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज होतो, तलाठी चौकशी करतो आणि तहसीलदार दाखला देतो. (तलाठ्याचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे. पाटीवर नवं नाव दिसलं तरी टेबल तेच.) सोबत आधार, रेशनकार्ड, जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ, आणि स्वयंघोषणापत्र लागतं.

ही सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली येते. पंधरा दिवसांत दाखला मिळायला हवा. नाही मिळाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपील कसं करायचं याची पाटी कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. पाटी दिसत नसेल तर नुसतं ‘पाटी कुठे आहे?’ एवढं विचारलं तरी काम हलतं.

घोळ होतो तो एकत्र रेशनकार्डामुळे. मुलगा वेगळा राहतो, वेगळं शिजवतो, आई-वडिलांना काही देत नाही, पण कार्डावर सगळे एकत्र. चौकशीत मुलाचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात मोजला जातो आणि दाखला साठ-सत्तर हजारांचा येतो. माणसं खरोखर वेगळी राहत असतील तर आधी पुरवठा शाखेत कार्ड विभक्त करून घ्या, मगच दाखल्याला हात घाला. एकत्र राहत असताना कागदावर वेगळं दाखवलं, तर शेजारच्याची एक तक्रार पुरते. अनुदान बंद होतं आणि घेतलेले पैसे परत मागितले जातात.

प्रतिज्ञापत्र मागितलं आणि कोणी शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरची गोष्ट काढली, तर थांबा. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. झेरॉक्सवर स्वतःची सही किंवा अंगठा केला की ती स्वयंसाक्षांकित होते.

बँक खातं: सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात

२०२४ च्या डिसेंबरपासून या योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने येतात. पूर्वी तहसील कार्यालय बँकेला खाते क्रमांकांची यादी पाठवायचं. आता पैसा आधार क्रमांकावर सुटतो आणि त्या आधारला जे खातं जोडलेलं असेल तिथे जाऊन पडतो. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला होता याला मग फारसा अर्थ उरत नाही.

बँकेत ‘आधार लिंक आहे का?’ असं विचारलं तर कारकून ‘आहे’ म्हणतो आणि पैसे तरी येत नाहीत. कारण लिंक दोन प्रकारची असते. एक, केवायसीसाठी आधारची प्रत घेतलेली. दुसरी, एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे इकडून तिकडे पोहोचवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत त्या आधारसमोर या बँकेचं नाव चढवलेलं, यालाच सीडिंग म्हणतात. डीबीटीला दुसरी लागते. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘हे खातं डीबीटीसाठी आधार सीडिंग झालेलं आहे का? एनपीसीआयमध्ये दिसतं का?’ नसेल तर सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या आणि पोच घ्या. स्थिती आधारच्या संकेतस्थळावरही दिसते. तिथे ओटीपी टाकला की कोणती बँक जोडलेली आहे ते कळतं.

एका आधारला एका वेळी एकच बँक डीबीटीसाठी जोडलेली राहते, आणि जी शेवटी जोडली ती चालते. गावात कोणी खाती उघडायचं शिबिर घेतलं, आजींनी अंगठा दिला, पोस्टाच्या बँकेत नवं खातं निघालं आणि त्याच वेळी सीडिंगही तिकडे वळलं. आजी मात्र जुन्या बँकेच्या रांगेत दर महिन्याला उभ्या. ‘पैसे बंद झाले’ म्हणून तहसीलला जाण्याआधी जोडलेली बँक कोणती ते बघा. पैसे कधीकधी भलत्याच खात्यात साचलेले सापडतात.

खातं अर्जदाराच्या एकटीच्या किंवा एकट्याच्या नावावर असलेलं बरं. मुलासोबतच्या संयुक्त खात्यात वाद उभे राहतात. केवायसी शिळी झाली की बँक व्यवहार थांबवते, म्हणून वर्षातून एकदा विचारून घ्यावं आणि अधूनमधून थोडे पैसे स्वतः काढावेत. बोटांचे ठसे झिजलेले असतील (आयुष्यभर माती, भांडी, विटा उचललेल्या हातांचे झिजतातच) तर बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा उमटत नाही. आधार केंद्रावर ठसे पुन्हा नोंदवून बघा. दहाही बोटं लावून पाहा, एखादं चालतं. ते कोणतं ते लक्षात ठेवा. नाहीच जमलं तर शाखेत जाऊन पासबुक आणि सही-अंगठ्यावर पैसे काढावेत. आणि बँक मित्राकडे अंगठा दिल्यावर पावती घेतल्याशिवाय हलू नये. ‘सर्व्हर डाऊन आहे, परत लावा’ म्हणत दोनदा अंगठा घेऊन एकदाच पैसे हातात ठेवणं ही जुनी चलाखी आहे.

अर्ज देताना

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत, तलाठ्याकडे किंवा सेतू केंद्रात देता येतो. जोडायचं ते असं: वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेचा उतारा, रहिवासी दाखला, आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो. सगळ्याचे दोन संच करा, एक घरी राहू द्या.

जमा करण्याआधी सगळे कागद टेबलावर पसरून चारच गोष्टी ताडून बघा: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता. बायकांच्या कागदांत माहेरचं आणि सासरचं नाव मिसळलेलं असतं. तिथे आधार आणि बँक ही दोन्ही तंतोतंत जुळणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यांची पडताळणी माणूस करत नाही, यंत्र करतं. बाकी कागदांतला किरकोळ फरक ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ अशा प्रतिज्ञापत्राने निभावतो.

पोच घ्याच. तारीख, नोंदणी क्रमांक आणि शिक्का असलेली. पोचेशिवाय दिलेला अर्ज हरवला तर तो दिलाच नव्हता असं धरलं जातं.

पुढे तलाठ्याची चौकशी होते आणि अर्ज तालुका पातळीवरच्या समितीपुढे जातो. तहसीलदार तिचे सदस्य सचिव असतात. बैठक कधी होईल हे समितीवर आहे. ती लांबली की शंभर-दोनशे अर्ज एकदमच लांबतात आणि तेवढ्यात कोणाच्या तरी दाखल्याची मुदत संपते. म्हणून शाखेत दोन प्रश्न विचारत राहा: पुढची बैठक कधी, आणि माझा अर्ज यादीत चढला का? अर्ज त्रुटीत असेल तर कोणती त्रुटी, हे लेखी मागा.

तोंडी उत्तरं मिळत राहिली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ, उत्तराची मुदत तीस दिवस. लांबलचक तक्रार लिहू नये. ‘अमुक क्रमांकाचा अर्ज सध्या कोणाकडे आहे, कोणत्या तारखेपासून आहे, त्यावर काय शेरा आहे’ एवढंच लिहावं.

कोणी ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणून हजार-दोन हजार मागत असेल तर तो दलाल. सेतूची ठरलेली फी आणि तिची पावती, यापलीकडे या कामाला पैसा लागत नाही.

मंजूर झाल्यावरही

दरवर्षी हयातीची पडताळणी करावी लागते. लाभार्थी जिवंत आहे हे स्वतः हजर राहून किंवा कार्यालय सांगेल त्या पद्धतीने दाखवायचं. ती चुकली की अनुदान मुकाट्याने थांबतं, घरी पत्र येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तलाठ्याला घरी येण्याची लेखी विनंती द्यावी. लेक वर्षातले सहा महिने आईला मुंबईला नेत असेल, तर पडताळणीच्या दिवसांत आई गावात असेल असं बघावं. ‘पत्त्यावर आढळत नाही’ हा शेरा पुसायला नव्या अर्जाइतकाच त्रास होतो.

रोखीशिवायचं बाकी

दवाखान्याचा खर्च हा सगळ्यात मोठा. वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि घरात आधीच आयुष्मान कार्ड असेल तर सत्तरीपुढच्यांसाठी हे पाच लाख वेगळे. फक्त आधार लागतं, त्यावर ७० दिसायला हवेत. सत्तरीच्या आतल्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, त्यासाठी रेशनकार्ड आणि ओळखपत्र. दोन्हींत रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं, आणि भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटायला हवं. आधी रोख भरून मागाहून कार्ड दाखवलं की परतावा मिळवणं कठीण जातं. रोजच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासणी यात येत नाही. आयुष्मानसाठी १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत.

चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा दोन लाख, म्हणजे श्रावणबाळमध्ये न बसणारेही इथे बसतात. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. पैसे आल्यावर तीस दिवसांत वस्तू घेऊन बिल द्यावं लागतं, हे विसरून पैसे किराण्यात गेले की पंचाईत. वस्तूच हवी असेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, पण ती शिबिरांतून चालते, शिबिराची वाट बघावी लागते.

रेशनमध्ये अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, कार्डावर माणूस एकच असला तरी. एकट्या निराधार वृद्धाने प्राधान्य कार्डाच्या माणशी ५ किलोवर समाधान न मानता अंत्योदयसाठी पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. ई-केवायसी मात्र करून ठेवा, नाहीतर नाव गळतं.

एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ निम्मं तिकीट. आधार जवळ ठेवायचं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या आशेवर तिकीट काढू नये.

मुलं कमावती आहेत, पण देत नाहीत

अशा घरात श्रावणबाळ मिळणं अवघड असतं, कारण उत्पन्न आडवं येतं. तिथे २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा वापरावा. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, साध्या कागदावर. वकील लागत नाही, कायद्याने तिथे वकिलाला उभंच राहता येत नाही. महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये पोटगी ठरू शकते आणि निकाल ९० दिवसांत द्यावा अशी तरतूद आहे. अर्जात रागाचा इतिहास लिहिण्यापेक्षा औषधं, किराणा, भाडं असे महिन्याचे आकडे आणि मुलाची नोकरी कुठे ते लिहावं. आदेश त्या आकड्यांवर निघतो. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचं असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घालून घ्या. सांभाळलं नाही तर कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागताना त्याच शब्दांचा आधार मिळतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७ आहे.

लाभार्थी गेल्यावर मृत्यूचा दाखला महिन्याभरात शाखेत द्यावा. मागाहून जमा झालेले हप्ते घरच्यांनी काढले तर वसुली लागते. आजोबांचं अनुदान आजींच्या नावावर वळत नाही. त्यांना स्वतःच्या आधारवर, स्वतःच्या खात्यावर नवा अर्ज करावा लागतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव त्यांच्या आधारवर आहे तसंच लिहिलं गेलंय ना, हे दाखला हातात घेतानाच खिडकीवर वाचून बघावं.